अणुवीज कशी तयार होते, आणि अणुभट्टी बंद केल्यावरही धोका का उरतो?

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ पासून अणुवीज तयार होते आहे. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. तिथली वीज महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या घरांत कित्येक दशके वापरली जाते आणि सॉकेटमधून येताना ती कोळशाची, धरणाची की अणूची, हे कुणालाही ओळखता येत नाही. तरीही अणुवीज केंद्राचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिथे अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकतो का? आणि जवळ राहणाऱ्यांना रोज किरणोत्साराचा त्रास होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे, केंद्र नीट चालत असेल तर, ‘जवळजवळ नाही’ असे. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिसराच आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही : अणुभट्टी बंद केली म्हणजे ती खरेच बंद होते का? अणुऊर्जेचे बरेचसे फायदे, मोठ्या अपघातांची कारणे आणि तिच्यावर होणारा अवाढव्य खर्च यांचा उलगडा या एका प्रश्नाच्या उत्तरातून होतो.

शेवटी पाणीच उकळायचे आहे

चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज निघते. अणुवीज केंद्रात वाफेपासून पुढचे सगळे असेच असते. फरक आहे तो चुलीत.

या चुलीतले इंधन म्हणजे युरेनियम. युरेनियम-२३५ या अणूच्या केंद्रकावर एखादा न्यूट्रॉन येऊन आदळला की केंद्रक फुटते आणि त्याचे दोन तुकडे होतात. सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे तुकडे प्रचंड वेगाने एकमेकांपासून दूर फेकले जातात, आजूबाजूच्या अणूंना धडकतात आणि ती धडक म्हणजेच आपल्याला हवी असलेली उष्णता. बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनपैकी एक जरी दुसऱ्या केंद्रकाला फोडू शकला, तरी प्रक्रिया पुढे चालू राहते. हीच ती साखळी प्रक्रिया. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण फुटले तर जेवढी उष्णता मिळते, तेवढीसाठी सुमारे तीन हजार टन चांगल्या प्रतीचा कोळसा जाळावा लागतो.

अडचण अशी की खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या दर हजार अणूंपैकी फक्त सातच अणू या २३५ जातीचे असतात. बाकीचे जवळपास सगळे युरेनियम-२३८. ते सहजासहजी फुटत नाहीत, उलट न्यूट्रॉन गिळून बसतात. बॉम्ब करायचा तर २३५ चे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. अणुभट्टीतल्या इंधनात ते बहुधा पाच टक्क्यांच्या आतच असते. म्हणून भट्टी कितीही बिघडली तरी तिचा अणुबॉम्ब होत नाही. भट्टीतल्या अपघातांत स्फोट झाले आहेत, पण ते वाफेचे किंवा हायड्रोजनचे.

इतक्या विरळ इंधनात साखळी टिकवायची तर न्यूट्रॉन वाया जाऊन चालत नाहीत. फुटलेल्या केंद्रकातून निघणारा न्यूट्रॉन फार वेगवान असतो, आणि मंद न्यूट्रॉनने केंद्रक फुटण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. त्यामुळे त्याचा वेग कमी करावा लागतो. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. स्ट्रायकर बोर्डाच्या चौकटीवर आपटला तर तो जवळपास तेवढ्याच वेगाने परत येतो. सोंगटीवर आपटला तर मात्र आपला बराच वेग तिला देऊन टाकतो. न्यूट्रॉनचा वेग काढून घ्यायचा तर त्याच्यासमोर त्याच्याच तोलामोलाचा हलका अणू हवा, आणि असा अणू पाण्यात असतो : हायड्रोजन. न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या पदार्थाला मंदायक म्हणतात.

साधे पाणी मंदायक म्हणून चांगले असले, तरी ते थोडे न्यूट्रॉन स्वतःच गिळते. ती तूट भरून काढायला इंधनातले २३५ चे प्रमाण वाढवून घ्यावे लागते. ही खटाटोपाची आणि महागडी प्रक्रिया जगात मोजक्याच देशांच्या हाती आहे. दुसरा मार्ग आहे जड पाण्याचा. त्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा दुप्पट वजनाचा असतो आणि तो न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, त्यामुळे खाणीतले युरेनियम आहे तसे वापरता येते. मात्र निसर्गातल्या पाण्यात असा जड हायड्रोजन काही हजारांत एक या प्रमाणात असतो आणि तो वेगळा काढावा लागतो. अलिबागजवळच्या थळ येथे याच कामाचा एक कारखाना आहे.

तारापूरला दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरवलेल्या, साध्या पाण्यावर आणि समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. मुळात त्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या, नंतर १६० मेगावॅटवर आणल्या गेल्या. १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेने इंधनाचा पुरवठा थांबवला. पुढे ते कधी फ्रान्सकडून, कधी चीनकडून, कधी रशियाकडून आणावे लागले. अशी दारोदार फिरायची वेळ आली की जड पाण्याचा द्राविडी प्राणायामही सोपा वाटू लागतो. भारताने नंतर स्वतःच्या बळावर बांधलेल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्याच आहेत. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या तशाच, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. त्यातली चौथी आधी, २००५ मध्ये चालू झाली आणि तिसरी २००६ मध्ये.

साखळी प्रक्रिया ताब्यात ठेवण्यासाठी बोरॉन किंवा कॅडमियमसारखे न्यूट्रॉन शोषणारे पदार्थ वापरतात. त्यांच्या कांड्या भट्टीत खाली सोडल्या की प्रक्रिया मंदावते, वर घेतल्या की वाढते. पण एका न्यूट्रॉनच्या जन्मापासून पुढच्या विखंडनापर्यंतचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. मग माणूस किंवा यंत्र इतक्या चपळाईने कांडी कशी हलवणार? इथे निसर्गाने एक सवलत दिली आहे. युरेनियम-२३५ फुटताना निघणाऱ्या न्यूट्रॉनपैकी एक टक्क्याहूनही कमी न्यूट्रॉन उशिरा, काही सेकंदांनी किंवा अगदी मिनिटभरानेही बाहेर पडतात. भट्टी अशी जुळवलेली असते की या उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनशिवाय तिची साखळी पूर्ण होत नाही. त्यामुळे तिचा जोर सावकाश वाढतो आणि सावकाश कमी होतो. हे मूठभर आळशी न्यूट्रॉन नसते, तर अणुवीज केंद्र चालवणे जवळजवळ अशक्य झाले असते.

राख कुठे जाते?

५०० मेगावॅटच्या औष्णिक संचाला रोज सात-आठ हजार टन कोळसा लागतो. म्हणजे रोज सुमारे दोन मालगाड्या. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के, त्यामुळे अडीच-तीन हजार टन राखही रोज तयार होते. ती राखेच्या तळ्यात जाते, सिमेंटच्या कारखान्यात जाते आणि काही प्रमाणात आसपासच्या गावांतल्या घरांवर, पिकांवर आणि लोकांच्या फुप्फुसांत जाते. धूर तर थेट आकाशातच जातो.

तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या भट्टीला रोज सुमारे पाव टन इंधन पुरते. युरेनियम ऑक्साइडच्या छोट्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरून नळ्यांची तोंडे बंद केलेली असतात, आणि अशा नळ्यांचा अर्धा मीटर लांबीचा जुडगा भट्टीत सरकवतात. वर्ष-दीड वर्षाने तो बाहेर निघतो तेव्हा दिसायला जसा आत गेला तसाच असतो. कारण अणूची राख, म्हणजे केंद्रक फुटून झालेले ते तुकडे, त्या गोळ्यांतच अडकून राहते.

अणुऊर्जेचा हा सगळ्यात मोठा गुण. कचरा थोडा आणि तो जिथे तयार झाला तिथेच बंदिस्त. दोषाची मुळेही इथेच आहेत. कोळशाची राख निपचित पडून राहते, ही राख मात्र जिवंत असते. फुटून झालेल्या तुकड्यांमध्ये आयोडीन, सिझियम, स्ट्रॉन्शियम, झेनॉन अशा मूलद्रव्यांची अस्थिर रूपे असतात. ती स्थिर होईपर्यंत किरणे सोडत राहतात आणि किरणांबरोबर उष्णताही. कुणाला स्थिर व्हायला काही सेकंद लागतात, कुणाला आठवडे, कुणाला शतके. या सगळ्याला साखळी प्रक्रियेची गरज नसते, त्यामुळे नियंत्रक कांड्यांनाही ती जुमानत नाही.

बटण दाबल्यानंतर

समजा, ५४० मेगावॅटची भट्टी पूर्ण जोरात चालू आहे. विजेत रूपांतर होण्याआधी तिच्यात सुमारे १,७०० मेगावॅट उष्णता तयार होत असते. (उरलेली जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडावी लागते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची तक्रार या गरम पाण्याबद्दल असते.) काहीतरी बिघडले आणि भट्टी बंद केली. कांड्या दोन-तीन सेकंदांत खाली आल्या आणि साखळी तुटली. तरीही त्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता शिल्लक राहते, म्हणजे सुमारे ११० मेगावॅट. घरातले पन्नास हजार गिझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता होईल, जवळपास तेवढी. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते. एका दिवसानंतरही अर्धा टक्का, म्हणजे आठ-नऊ मेगावॅट उरते. एवढ्या उष्णतेने दर तासाला पाण्याचा दहा-बारा हजार लिटरचा एक टँकर उकळून संपतो. आणि हे भट्टी बंद होऊन चोवीस तास झाल्यावर!

पंखा बंद केला की तो काही फेऱ्यांनंतर थांबतो. गॅस बंद केला की भांडे निवते. अणुभट्टीला हा अनुभव लागू पडत नाही. बंद झालेल्या भट्टीलाही दिवसेंदिवस पाणी द्यावे लागते, पाणी द्यायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. वीज तयार करणाऱ्या केंद्रालाच बाहेरून वीज लागावी, हे चमत्कारिक वाटते खरे. पण तसेच आहे. पाणी थांबले तर इंधन तापत जाते, हजार-बाराशे अंशांच्या पुढे झिर्कोनियमची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो आणि शेवटी इंधन वितळून आत कोंडलेली राख बाहेर पडायची वाट मोकळी होते.

भारतात याची खरी परीक्षा झाली ती ३१ मार्च १९९३ च्या पहाटे, उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या नरोरा केंद्रात. पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली. त्या हादऱ्याने जनित्रातला हायड्रोजन गळून पेटला, पाठोपाठ तेलाने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी भट्टी ताबडतोब बंद केली. पण आग केबलींपर्यंत पोहोचली, आणि नेहमीच्या व आणीबाणीच्या अशा दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबली जवळजवळच नेलेल्या असल्याने दोन्ही जळाल्या. डिझेल जनित्रे असूनही त्यांची वीज पंपांपर्यंत जाईना. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि तो सोडावा लागला. केंद्रात सुमारे सतरा तास वीज नव्हती.

भट्टी वाचली ती दोन कारणांनी. आग विझवण्यासाठी ठेवलेले पंप थेट डिझेलवर चालणारे होते, त्यांना विजेची गरज नव्हती. त्यांचे पाणी वाफ तयार करणाऱ्या यंत्रणेत सोडण्यात आले. दुसरे म्हणजे ही यंत्रणा भट्टीपेक्षा उंचावर होती. त्यामुळे भट्टीतले तापलेले जड पाणी आपोआप वर चढत राहिले, वर थंड होऊन खाली येत राहिले, आणि पंपाशिवायही अभिसरण चालू राहिले. भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी अंधारात वर जाऊन बोरॉनचे द्रावण हाताने आत सोडले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. हा प्रसंग आपल्याकडे फारसा आठवला जात नाही, पण देशातल्या अणुवीजेच्या इतिहासात याहून मोठा धडा नाही. केबली वेगवेगळ्या मार्गांनी न्यायच्या, ही गोष्ट ऐकायला किती किरकोळ वाटते!

जवळजवळ अठरा वर्षांनी जपानमधल्या फुकुशिमात तेवढे नशीब नव्हते. ११ मार्च २०११ रोजी ९ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रे चालू झाली. इथपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली. केंद्राची तयारी साडेपाच-सहा मीटर उंचीच्या लाटेची होती, आलेली लाट तेरा ते पंधरा मीटरची. खालच्या मजल्यांवरची जनित्रे आणि वीजफलक पाण्याखाली गेले. पुढच्या काही दिवसांत तिन्ही भट्ट्यांमधले इंधन वितळले आणि साठलेल्या हायड्रोजनच्या स्फोटांनी इमारतींची छपरे उडाली. दीड लाखांच्या आसपास लोकांना घरे सोडावी लागली.

त्याच किनाऱ्यावर ओनागावाचे केंद्र भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ होते. ते उंच जागी बांधलेले असल्याने सुरक्षित राहिले, इतके की बेघर झालेल्या आसपासच्या शेकडो गावकऱ्यांनी केंद्राच्या आवारातच आसरा घेतला. तंत्र तेच, लाट तीच. निर्णय घेतला गेला होता जमिनीच्या उंचीचा, आणि तोही कित्येक वर्षे आधी.

फुकुशिमाची पहिली भट्टी आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या एकाच कुळातल्या, एकाच कंपनीच्या रचनेच्या. त्यामुळे २०११ नंतर भारतातल्या सगळ्या केंद्रांची तपासणी झाली तेव्हा तारापूरकडे विशेष लक्ष गेले. फिरती जनित्रे, बाहेरून नळी जोडून भट्टीत पाणी सोडण्याची सोय अशा सुधारणा देशभर करण्यात आल्या. या दोन जुन्या भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडला १९७९ मध्ये झालेला अपघातही उरलेल्या उष्णतेचाच होता. एक झडप उघडी अडकली, कर्मचाऱ्यांचा समज झाला की पाणी जास्त झाले आहे, आणि त्यांनी आणीबाणीचे पाणी कमी केले. इंधनाचा जवळपास निम्मा भाग वितळला, पण भोवतीच्या भक्कम काँक्रीटच्या कवचाने जवळजवळ सगळे आत रोखले. १९८६ चे चेर्नोबिल मात्र वेगळे. तिथल्या भट्टीची रचनाच अशी होती की पाणी उकळू लागले की साखळी प्रक्रिया मंदावण्याऐवजी भडकावी, आणि भोवती असे पूर्ण कवच नव्हते. भारतात त्या रचनेची एकही भट्टी नाही.

मग एवढा उपद्व्याप कशासाठी?

कारण बाकीचे मार्गही फुकटचे नाहीत. कोळशापासून एक युनिट वीज मिळवताना, खाणीपासून राखेपर्यंतचा हिशेब धरून, ८०० ग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अणुवीजेत युरेनियमची खाण आणि केंद्राचे सिमेंट-लोखंड धरूनही तो साधारण १२ ग्रॅम, म्हणजे पवनचक्कीइतकाच. सौर ऊर्जा आता स्वस्त झाली आहे, पण घरोघरी दिवे लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. पावसाळ्यात कोकणात तो दिवसाही दिसत नाही. अणुभट्टी मात्र रात्रंदिवस सारखी चालते. कर्नाटकातल्या कैगा केंद्राची पहिली भट्टी २०१६ ते २०१८ या काळात सलग ९६२ दिवस न थांबता चालली आणि तो तेव्हा जागतिक विक्रम ठरला. एवढे असूनही भारताच्या एकूण विजेत अणुवीजेचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे.

माणसांच्या जिवाचा हिशेबही अनेकांना अनपेक्षित वाटतो. चेर्नोबिलमध्ये त्या रात्री आणि पुढच्या काही महिन्यांत मिळून तीसच्या आसपास कर्मचारी आणि अग्निशामक जवान दगावले. सर्वाधिक किरणोत्सार झालेल्या लोकांमध्ये कर्करोगाने पुढे होऊ शकणाऱ्या मृत्यूंचा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००५ मध्ये दिलेला अंदाज चार हजारांपर्यंतचा आहे, आणि त्यावर वादही आहेत. कोळसा आणि इतर इंधनांच्या धुरामुळे जगात दरवर्षीच लाखो माणसे मरतात. ती बातमी होत नाही, कारण ती एका दिवशी, एका जागी मरत नाहीत.

रोजच्या किरणोत्साराबद्दल बोलायचे तर माती, दगड, आकाश आणि आपले अन्न यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतच असते. केरळच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूतल्या थोरियममुळे ती याच्या कितीतरी पट आहे. अणुवीज केंद्रामुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, असा नियम आहे आणि प्रत्यक्षात ती त्याच्याही बरीच खाली असते. पोटाच्या एका सीटी स्कॅनला याच्या कित्येक पट मात्रा मिळते.

खर्च आणि भरवसा

फायद्यांची बाजू एवढी जड असताना जगभर अणुवीज केंद्रे धडाधड का उभी राहात नाहीत? मुख्य कारण पैसा. आणि पैसा कुठे जातो ते पाहिले तर पुन्हा तीच शिल्लक उष्णता समोर येते. एका पंपाला तीन पर्यायी पंप, दुहेरी कवच, वेगवेगळ्या खोल्यांतली जनित्रे, प्रत्येक वेल्डिंगची तपासणी. कोळशाच्या केंद्रात जी चूक दुरुस्ती खात्यावर निभावते, ती इथे चालत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला ज्या जातीच्या सहा फ्रेंच भट्ट्या, प्रत्येकी सुमारे १,६५० मेगावॅटच्या, उभारायचे ठरले होते, त्याच जातीची एक भट्टी फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिल येथे २००७ पासून बांधली जात होती. मूळ अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता. ती विजेच्या जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च तेरा अब्ज युरोंच्या पुढे गेला. फिनलंडमधल्या भट्टीचेही काम २००५ मध्ये सुरू होऊन नियमित वीज मिळायला २०२३ उजाडले. इतकी महाग वीज कोण घेणार, हा प्रश्न पर्यावरणवाद्यांआधी अर्थतज्ज्ञांनी विचारायला हवा.

आणि भरवसा पैशानेही विकत मिळत नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. जैतापूर प्रकल्पाविरुद्ध माडबन, साखरी नाटे या भागातल्या बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी आंदोलन केले. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाला जेमतेम महिना झाला असताना, तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मरण पावला. अशा लोकांना ‘विज्ञान कळत नाही’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. आपली जमीन आणि समुद्र कुणाच्या शब्दावर द्यायचा, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याला मिलिसिव्हर्टमध्ये उत्तर देता येत नाही.

काचेत कोंडलेली राख

वापरून झालेले इंधन प्रथम काही वर्षे खोल पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. पाणी ते थंड ठेवते आणि किरणेही अडवते. पुढे भारतात त्यावर प्रक्रिया करून उपयोगी युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढतात. असे कारखाने ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम येथे आहेत. उरलेला जहाल किरणोत्सारी द्रव वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओततात. काच पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ही निवड. हे डबे तारापूरला खास इमारतीत ठेवले जातात आणि त्यांनाही अनेक वर्षे हवेने थंड ठेवावे लागते.

सिझियम आणि स्ट्रॉन्शियम यांची तीव्रता सुमारे तीस वर्षांनी निम्मी होते, म्हणजे तीनशे वर्षांत ती हजाराव्या भागावर येते. प्लुटोनियमला निम्मे व्हायलाच चोवीस हजार वर्षे लागतात. त्यामुळे शेवटी हा कचरा जमिनीत शेकडो मीटर खोल, भक्कम खडकात पुरावा, यावर शास्त्रज्ञांचे बऱ्यापैकी एकमत आहे. फिनलंडने ऑन्कालो येथे तसे भुयार खोदले आहे. भारतात अशी कायमची जागा अजून नाही.

जवळ राहणाऱ्यांनी काय माहीत ठेवावे?

भारतात अणुवीज केंद्राभोवती सोळा किलोमीटरपर्यंतच्या भागासाठी आणीबाणीची योजना तयार ठेवावी लागते आणि तिच्या रंगीत तालमी जिल्हा प्रशासनाला घ्याव्या लागतात. किरणोत्सार हवेत पसरलाच, तर पहिल्या काही तासांत बहुतेक वेळा घरात थांबून दारे-खिडक्या बंद करणे हाच सर्वांत चांगला उपाय असतो. घाबरून रस्त्यावर येण्याचे नुकसान मोठे असू शकते. फुकुशिमा प्रांतात घाईने केलेल्या स्थलांतराचे हाल आणि त्यानंतरची परवड यांमुळे दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून हलवलेले आजारीही होते.

दुसरी गोष्ट दुधाची. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडते, गाई-म्हशींच्या पोटात जाते, दुधात उतरते आणि लहान मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठते. चेर्नोबिलनंतर हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः असेच दूध दिले गेल्यामुळे. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, म्हणून काही आठवडे स्थानिक दूध आणि पालेभाजी टाळली तरी मोठा धोका टळतो. आयोडीनच्या गोळ्या वाटतात त्या याचसाठी : ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली की किरणोत्सारी आयोडीनला आत जागा उरत नाही. मात्र गोळी प्रशासनाने सांगितल्यावरच, किरणोत्सार पोहोचण्याच्या जरा आधी किंवा पहिल्या काही तासांत घ्यायची असते. सिझियमवर तिचा काहीही उपयोग होत नाही, आणि अंगाला टिंक्चर आयोडीन चोळण्याचा तर मुळीच नाही.